भोंग्याचे मास्तर

माझ्या दादाला आमच्या इथे सगळे मास्तर म्हणतात. शाळा म्हटली की ज्याच्या पोटात दुखायचं, ज्याला आई फरफटत वर्गात नेऊन बसवायची, तो माणूस पुढे मास्तर व्हावा आणि तोही डॉक्टरेट घेतलेल्या लोकांचा, याला काय म्हणावं? मी बहीण म्हणून हसू तरी शकते. बाकीचे बिचारे तो आला की उठून उभे राहतात.

आमची इमारत गोल आहे. मधलं भलंमोठं यंत्र किरण तयार करतं आणि कुठून कुठून आलेले संशोधक आपापले दगड, औषधं, धातूचे तुकडे त्या किरणांत धरून आत काय दडलंय ते बघतात. प्रत्येक किरण शेवटी एका छोट्या खोलीत येतो. खोलीच्या भिंतींत शिसं, दारात शिसं. वस्तू आत ठेवायची, माणसाने बाहेर यायचं, दार लावायचं आणि मग किरण सोडायचे. किरण आत तर माणूस बाहेर. दादा म्हणतो, सुरक्षितता म्हणजे एवढंच, बाकीचा सगळा फापटपसारा.

पण माणूस कधी सरळ वागतो का? कुणाचा स्क्रू टेबलाखाली घरंगळतो आणि तो गुडघ्यावर बसून शोधत राहतो, कुणी कोपऱ्यात वायरींशी झटापट करत बसतो, आणि दार लावणाऱ्याला वाटतं, गेले सगळे. म्हणून शोधफेरीची पद्धत आहे. दार लावणाऱ्याने आधी आत जायचं, प्रत्येक कोपरा बघायचा, तिथलं बटण दाबायचं, मग बाहेर येऊन दार लावायचं. तरीही कुणी राहिलाच, तर त्याच्यासाठी भोंगा आहे. दार लागलं की आत भोंगा वाजतो, बारीक, किरटा, डोक्यात सुई घुसावी तसा. तो वाजत असेपर्यंत किरण आलेले नसतात. भिंतीवरचं लाल बटण दाबलं की येतही नाहीत. दिवाही लुकलुकतो, पण टेबलाखाली डोकं घातलेल्या माणसाला दिवा काय दिसणार? त्याला वाचवणारा भोंगाच.

माझं काम बॅजच्या खिडकीत. छातीवर लावायचा छोटा चपटा बॅज असतो, अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं. आत जाणाऱ्याला तो द्यायचा, बाहेर येणाऱ्याकडून परत घ्यायचा आणि माझ्या मागच्या भिंतीवर ज्याच्या त्याच्या आकड्याला अडकवायचा. कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे मला मान वळवली की दिसतं. खिडकीसमोरच या खोल्यांच्या हॉलचं दार. तिथून जाताना दादा मला या वयातही सगळ्यांदेखत "छकुले" म्हणून हाक मारायचा. माझे केस पिकायला लागलेत. परगावच्या प्राध्यापकांपुढे छकुले! किती वेळा सांगितलं, पण तो काही सुधारला नाही.

मास्तर होण्याआधी दादा वायरमन होता. ही इमारत उभी राहत होती तेव्हापासूनचा. या हॉलमधल्या वायरी त्याने पोटावर सरपटत ओढल्यात, आणि पुढे कित्येक वर्षं तो पंपांच्या दालनात होता. ते पंप असे घोंघावायचे की दोन माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलायची. कानात घालायला बोळे दिले होते, तर हा म्हणायचा की बोळे घातले की पंप बिघडलेला कळत नाही. वहिनीने तेव्हाही डोकं फोडून घेतलं. ऐकेल तर शपथ.

तेव्हा पाहुण्यांना सुरक्षेचे धडे द्यायला ऑफिसातला एक गृहस्थ होता. तो पडद्यावरचं वाचून दाखवायचा आणि पाहुणे झोपायचे. एकदा एक पाहुणा खोलीत खरंच कोंडला गेला. भोंगा वाजला, पण हा कसला आवाज आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. कुठेतरी आग लागली असेल आणि कुणीतरी दार उघडायला येईल, म्हणून तो शहाण्यासारखा उभाच राहिला. दादा बाहेरून चालला होता. त्याला खोलीबाहेर दोन कोट टांगलेले दिसले आणि माणूस एकच दिसला. त्याने धावत जाऊन किरण अडवायचं बाहेरचं बटण दाबलं. तो पाहुणा बाहेर आला आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. दादा तडक ऑफिसात गेला, म्हणाला, यांना वाचून काय दाखवता, यांना आधी भोंगा ऐकवा. ऐकवतो मी.

झालं, तेव्हापासून दादा मास्तर. नवी तुकडी आली की सकाळी त्याचा वर्ग. पॉलिश केलेले बूट, खिशाला पेन. लिहीत काहीच नाही, पण पेन हवं. थोडक्यात बोलायचा, मस्करी करायचा, पाहुणे खुश. आणि मग म्हणायचा, "आता ऐका." कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, हात वर धरायचा, आणि भोंगा वाजायचा. पडद्यावरची पट्टी संपली की हात खाली. मग एकेकापाशी जाऊन विचारायचं, आला का आवाज? नुसती मान हलवलेली चालायची नाही, तोंडाने आला म्हणायला लावायचा. मोठमोठे लोक एका मागोमाग एक "आला" म्हणताना बघायला मला गंमत वाटायची.

मास्तर झाला तरी दादाचं हॉलमधलं काम सुटलं नव्हतं. कुठल्या खोलीत काही अडलं, की चला मास्तर. तो खोलीत शिरून वायरी तपासणार, टेबलामागे वाकणार, गुडघ्यावर बसणार. त्याशिवाय त्याला करमत नसे.

त्या सकाळी मी बॅजचा ट्रे घेऊन वर्गात मागे उभी होते. दादाने नेहमीसारखं "आता ऐका" म्हटलं, बटण दाबलं, हात वर केला. आणि काहीच वाजलं नाही. मला वाटलं, आता हा खाली वाकून बघेल, वैतागेल, मला ओरडेल. तो तसाच हात वर धरून उभा. चेहऱ्यावर तेच, लोकांच्या तोंडाकडे बघत राहणं. पट्टी संपली तसा हात खाली आला.

"हा तो आवाज," तो म्हणाला. "इथे याच्याइतका जवळचा नातेवाईक तुम्हाला दुसरा नाही."

मग तो पहिल्याकडे गेला. दाढीवाला, चांगला कोट घातलेला माणूस होता. आला का आवाज? दाढीवाल्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि म्हणाला, आला. पुढच्याने मग विचारच केला नाही. आला. आला. आला. एक मुलगी तर म्हणाली, जरा बारीक होता, पण आला.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण मी हातातला ट्रे बाकावर ठेवून दिला. दादा मस्करी करत नव्हता, त्याचा चेहरा मी जन्मापासून ओळखते. त्याला ऐकू येत नव्हतं. भोंगा वाजला काय आणि न वाजला काय, त्याला सारखंच होतं. आणि कधीपासून, ते देवालाच माहीत.

दादा पुढची तयारी करायला गेला तशी मी स्पीकरमागे हात घातला. प्लग निघालेला. सफाईवाल्याने त्या जागी आपलं यंत्र लावलं असणार आणि परत लावायला विसरला असणार. मी प्लग लावला आणि पाहुण्यांमागे धावले. या लोकांनी भोंगा ऐकलेला नाही आणि जाऊन उभे राहणार शिशाच्या खोल्यांत! कॉरिडॉरमध्ये गाठलं, सगळ्यांना माघारी वळवलं. आता सांगू काय यांना? आमचे मास्तर बहिरे झालेत? तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मास्तरांनी तुमची परीक्षा घेतली. आवाज मुद्दाम बंद ठेवला होता. न आलेला आवाज आला म्हणणारी माणसं इथे धोक्याची असतात, ते त्यांना बघायचं होतं.

दाढीवाला लालबुंद झाला. ती मुलगी तोंडावर हात घेऊन खाली बघायला लागली. मी खरा भोंगा वाजवला, सगळे दचकले, मी सगळ्यांकडून नीट आला म्हणवून घेतलं आणि बॅज वाटले. वाटलं, निभावलं. कसलं निभावतंय! त्या दाढीवाल्याला एवढं वर्मी लागलं की जेवताना त्याने ते आमच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुखांना रंगवून सांगितलं. असा वर्ग मी जगात कुठे पाहिला नाही म्हणे.

प्रमुखांना आम्ही नुसतं बाई म्हणतो. कडक आहेत, पण मनाने सरळ. त्यांनी दादाला बोलावलं तेव्हा मी बॅजचा हिशेब द्यायला तिथेच होते. बाई म्हणाल्या, मास्तर, आवाज बंद ठेवून लोकांना आला म्हणायला लावलंत, काय डोकं चालवलंत हो! हे आता प्रत्येक तुकडीला करायचं. दादाने बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझं लक्ष खाली फरशीकडे. दादा "हो" म्हणाला. थोड्या वेळाने कुणी काही विचारलं नसताना आणखी एकदा "हो" म्हणाला.

संध्याकाळी तो खिडकीपाशी आला. बॅज काढला, पण माझ्या हातात दिला नाही.

"प्लग निघालेला होता?"

"हो."

"म्हणजे काहीच वाजलं नाही."

"नाही वाजलं, दादा."

तो बराच वेळ बॅजची क्लिप उघडत मिटत राहिला. मग म्हणाला, की बोलणं येतं ऐकू, फोन येतो, पंप येतात, दार लागल्याचं येतं. फक्त वरची पट्टी गेलीय. मी म्हटलं, भोंगा वरच्या पट्टीतच आहे ना रे.

मग तो गयावया करायला लागला, आणि दादाला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. यंत्र लवकरच दुरुस्तीला बंद होणार होतं. ते पुन्हा सुरू करायच्या दिवशी हॉलमधल्या सगळ्या खोल्यांची शोधफेरी होते, आणि ती पहिल्यापासून दादाच करत आलाय. तेवढी एक होऊ दे, म्हणाला, मग मी स्वतः सांगतो बाईंना. नाहीतर ते मला खुर्चीवर बसवतील. खुर्चीत बसून मी काय करू, तूच सांग.

मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, पण बसले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दादाचा आकडा रिकामा दिसला, म्हणजे तो हॉलमध्ये आहे, की माझं कामातलं लक्ष उडालं. लोकांना एकमेकांचे बॅज द्यायला लागले. हॉलचं दार उघडलं की आतून कुठल्या तरी खोलीचा भोंगा बारीक ऐकू यायचा. आधी त्याच्याकडे माझं लक्षही जात नसे. आता प्रत्येक भोंग्याला वाटायचं, याच खोलीत दादा टेबलामागे बसलाय आणि बाहेर कुणीतरी घाईघाईने दार लावलंय.

एकदा तर मी खिडकी उघडी टाकून पळाले. कुणीतरी म्हणालं होतं, मास्तर पलीकडच्या खोलीत वायर बघताहेत, आणि त्याच बाजूने भोंगा सुरू झाला. खिडकी कधीच सोडायची नसते, बॅज उघड्यावर टाकून तर नाहीच. मी चपला फटफटवत धावत गेले, बाहेरच्या बटणावर हात ठेवणार तेवढ्यात मागून दादा आला, ओले हात रुमालाला पुसत. बाथरूमला गेला होता! मला दम लागलेला. तो म्हणाला, छकुले, काय झालं? काही नाही म्हटलं. बाईंनी खिडकी सोडल्याबद्दल मला फैलावर घेतलं, ते मी खाली मान घालून ऐकून घेतलं. दादा बाजूला उभा होता. त्याला सगळं समजलं होतं, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी आत गेलाच.

यंत्र दुरुस्तीला बंद झालं तशी मला झोप लागायला लागली. किरणच नाहीत तर भीती कसली! एका रविवारी मी वहिनीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वहिनी आधी हसलीच. म्हणाली, अगं, मी गेली कित्येक वर्षं हाका मारतेय, हा माणूस वळून बघत नाही. मला वाटायचं, बायकोचं काय ऐकायचं म्हणून मुद्दाम करतो. सगळे नवरे असेच, म्हणून सोडून दिलं मी. आणि मग ती एकदम रडायला लागली. म्हणाली, मी याच्याशी उगाच भांडत राहिले गं.

आम्ही दोघींनी दादाला कानाच्या डॉक्टरकडे चल म्हणून धरलं. वहिनीने विनवण्या केल्या, मी आरडाओरडा केला. त्याचं एकच पालुपद, यंत्र सुरू होऊ दे. कानात मशीन घालून हॉलमध्ये गेलो तर त्याच दिवशी सगळ्यांना कळेल. बाईंना मी सांगेन, पण शोधफेरी झाल्यावर. वहिनी म्हणाली, अहो, त्या शोधफेरीत काही झालं तर? दादा म्हणाला, माझ्या हॉलमध्ये मला काय होतंय. असं म्हणणाऱ्या लोकांनाच वर्गात तो हटकायचा.

मग बाईंचा निरोप आला. ज्या दिवशी यंत्र सुरू होणार त्याच सकाळी नवी तुकडी येणार होती, आणि त्या वर्गाला बाई स्वतः बसणार होत्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बाई कसल्या. त्यांनी त्यात सुधारणा केली होती. मास्तरांनी नुसता हात वर करायचा, आवाजाचं बटण बाईंच्या हातात. त्या कधी भोंगा वाजवतील, कधी नाही वाजवणार, पाहुण्यांना आधी कळणार नाही. मास्तरांनी एकेकाला विचारायचं आणि चुकीचं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे पकडायचं. माझ्या तोंडातून निघालेली थाप, तिला बाईंनी पार फांद्या फुटेपर्यंत वाढवलं होतं.

दादा आदल्या दिवशी माझ्याकडे आला. यावेळी गयावया नाही, सरळ काम सांगितलं. तू मागे बस. भोंगा वाजला तर हात गालाला लाव. नाही वाजला तर हात मांडीवर. मी विचारलं, आणि दुपारी खोल्यांत कोण हात लावणार गालाला? तो म्हणाला, शोधफेरीत मी असतो दार लावणारा, आत राहणारा नव्हे. हे खरं होतं आणि खरं नव्हतंही. सुरू करायच्या दिवशी हॉलमध्ये ही गर्दी, नवी माणसं, प्रत्येकाला घाई. दादा एका खोलीत वाकून काहीतरी घट्ट करत बसला आणि एखाद्या नवख्याने दुसरीच खोली समजून दार लावलं, तर? पण त्याच्या तोंडावर मला नाही म्हणवलं नाही. मी हो म्हटलं.

सकाळी वर्ग भरला. बाई शेवटच्या रांगेत बटण घेऊन बसल्या, मी त्यांच्या पलीकडे, दादाला दिसेन अशी. दादाच्या बुटांना नवं पॉलिश. बोलायला लागला तसे पाहुणे हसायला लागले, बाईसुद्धा हसल्या.

"आता ऐका," म्हणून दादाने हात वर केला. बाईंनी बटण दाबलंच नाही. माझे हात मांडीवर. दादाने हात खाली घेतला आणि पहिल्या रांगेतल्या एका पाहुणीला विचारलं. ती म्हणाली, नाही आला. दादा खुलला. शाबास म्हणाला, शेजारच्याला विचारलं, तो जरा घुटमळला तर त्याची गोड खरडपट्टी काढली. बाई कौतुकाने बघत होत्या.

तेवढ्यात दार ढकलून हॉलमधला एकजण डोकावला. त्याने बाईंना हळूच विचारलं, पहिल्या काही खोल्या तयार आहेत, मास्तर इथून सुटले की लगेच सुरुवात करायची का, टेबलामागच्या वायरी त्यांनाच बघायच्या आहेत. बाईंनी हो म्हणून मान हलवली. तो गेला. टेबलामागच्या वायरी! म्हणजे हा दार लावणारा नव्हेच. हा गुडघ्यावर असणार, डोकं आत, पाठ दाराकडे. आणि दादाला हे कालही माहीत होतं.

दादाने पुन्हा हात वर केला. बाईंनी बटण दाबलं.

भोंगा असा किंचाळला की पहिल्या रांगेतले अंग चोरून बसले. माझा उजवा हात उठला होता, मी खोटं नाही सांगत, मांडीवरून उठला होता. मी तो डाव्या हाताने धरला आणि खाली दाबून ठेवला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. हात मांडीवर. त्याने समाधानाने हात खाली घेतला. बाईंनी या वेळी बटण सोडलंच नव्हतं, भोंगा वाजतच होता, आणि त्या आवाजात दादा शांतपणे एका तरुणाजवळ गेला. आला का आवाज? तो तरुण जवळजवळ ओरडूनच म्हणाला, आला!

"नाही आला," दादा म्हणाला. किती प्रेमाने म्हणाला. "घाबरू नका. समोर कुणीही उभा असला तरी नाही आला तर नाही म्हणायचं."

कुणी हसलं नाही. तो तरुण गोंधळून मागे बघायला लागला. दादाने मान वर केली, आणि तेव्हा त्याला सगळा वर्ग दिसला. पहिल्या रांगेतल्या पाहुणीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. तिच्या मागच्यानेही. जवळजवळ सगळ्यांनी. बाईंच्या हातून बटण सुटलं आणि भोंगा थांबला, तो थांबल्याचंही दादाला कळलं नाही. तो त्या कानांवरच्या हातांकडे बघत राहिला, एकेक हात खाली येईपर्यंत. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी रडत होते. हात मांडीवर तसेच घट्ट धरलेले.

बाई शहाण्या आहेत. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, जरा चहा घेऊन या, आणि सगळे गेल्यावर दादाला खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर बसल्या आणि विचारलं, मास्तर, कधीपासून? दादाने सांगितलं, पंपांच्या दालनात असल्यापासून थोडं थोडं, पण भोंगा गेलाय हे कळलं ते तुम्ही शाबासकी दिलीत त्या दिवशी. बाईंनी डोळे मिटले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशीची शोधफेरी दुसऱ्या दोघांनी केली. यंत्र सुरू झालं.

संध्याकाळी दादा खिडकीपाशी आला. या वेळी बॅज सरळ माझ्यासमोर ठेवला.

"हात का नाही उचललास?"

"उचलला असता तर तू दुपारी आत गेला असतास."

त्याने माझ्या मागच्या आपल्या रिकाम्या आकड्याकडे पाहिलं.

"गेलो असतो," म्हणाला, आणि निघून गेला.

आता तो वरच्या मजल्यावर ऑफिसात असतो, वायरींचे नकाशे बघतो. कानात मशीन बसवलंय. वहिनी म्हणते, घरात हल्ली बरंच ऐकू येतं त्याला, तिचं भांडणसुद्धा. वर्ग बाईच घेतात. मी सगळ्यांसमोर माझ्या दादाचा तमाशा केला, त्याच्या वर्गात, त्याच्या पाहुण्यांपुढे. त्याचं मला फार वाईट वाटतं, रात्री डोळे मिटले की ते कानांवरचे हात दिसतात. आणि उद्या तशीच वेळ आली तर मी हात तसाच दाबून धरीन.

दादा माझ्याशी बोलत नाही. वर जायचा जिना माझ्या खिडकीवरूनच जातो, त्यामुळे रोज सकाळी तो समोरून जातो आणि रोज मी हाक मारते, दादा. तो वळत नाही. वहिनी माझी समजूत घालते, अगं, मशीन नवीन आहे, गर्दीत त्याला तुझी हाक ऐकूच येत नसेल. पण हाक मारली की त्याचं पाऊल पायरीवर जरासं अडतं, ते खिडकीतून मला स्पष्ट दिसतं.